चार पॉइंट दोन की चार पॉइंट सात

सातवीनंतर थेट बावन्नाव्या वर्षी मोटारमावशी पुन्हा बाकावर बसली, आणि शेजारी कोण, तर तिचा स्वतःचा जावई.

मोटारमावशी हे नाव दुकानामुळे पडलं. जळालेल्या मोटारी भरून द्यायचं तिचं दुकान होतं. पाण्याचे पंप, पंखे, मिक्सर, जे जळेल ते तिच्याकडे यायचं. नवरा होता तेव्हा तो मोटारी खोलायचा आणि ती तार भरायची. तो गेला तेव्हापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, दोन्ही कामं ती एकटीच करत होती. जळकी तार खाचांतून उपसून काढायची, वेढे मोजायचे, नवी तार तेवढेच वेढे घेऊन बसवायची, वरून वार्निश. तार चिमटीत धरली की ती तिचं गेज, म्हणजे जाडी, सांगायची. मोटार सुरू केली की आवाजावरून सांगायची, ही टिकेल आणि ही पुन्हा माझ्याकडेच येईल. एवढं सगळं येत होतं, पण त्याचा कागद तिच्याकडे नव्हता.

त्या वर्षी नियम निघाला की विजेच्या दुरुस्तीचं दुकान चालवायचं तर परवाना हवा. एक माणूस आला, चारही भिंतींकडे बघितलं, परवाना कुठे टांगलेला दिसेना म्हणून एक चिठ्ठी देऊन गेला. सहा महिन्यांची मुदत. दर शनिवारी दुपारी प्रशिक्षण केंद्रात वर्ग, मग परीक्षा, अर्धी लेखी आणि अर्धी प्रात्यक्षिक.

"त्यात काय एवढं?" लेक म्हणाली. "तोही येणारच आहे. त्याची खालची परीक्षा झालीय, आता वरची द्यायचीय. तुला अडलं तर सांगेल समजावून."

तो म्हणजे जावई. एका शीतगृहात यंत्रांच्या देखभालीवर होता. माणूस सरळ, निर्व्यसनी, पण तोंडाला जणू टाका घातलेला. लग्नाला चार वर्षं झाली तरी सासू-जावयाचं बोलणं लेकीच्या मार्फतच चालायचं. मावशी समोर बसलेली असली तरी तो बायकोला विचारायचा, "आईंना चहा चालेल का?" आणि मावशीही लेकीकडे बघून म्हणायची, "चालेल की." दोघांचं काही वाकडं नव्हतं. सुरुवातच तशी झाली आणि मग ती मोडायची कुणी, हे ठरलं नाही.

पहिल्या शनिवारी मावशीचा पहिला गोंधळ झाला. शिकवणाऱ्या सरांना सगळे मागून शून्यसर म्हणायचे, कारण कुठलंही मीटर हातात घेतलं की ते म्हणत, "आधी शून्य बघा." तर शून्यसरांनी हजेरी घेण्याआधीच जाहीर केलं, "ही खालच्या परवान्याची बॅच. वरच्या परवान्यावाले रविवारी यायचे. कुणी चुकून बसलं असेल तर उठा."

कुणी उठलं नाही. जावईही उठला नाही. त्याचा नंबर आला तेव्हा खालच्या आवाजात "हजर" म्हणाला आणि वहीवर समास आखत बसला.

मावशीला कळेना. वरची परीक्षा द्यायची असेल तर हा माणूस शनिवारी इथे काय करतोय? वार चुकला असेल तर बोलत का नाही? का लेकीनंच पाठवलाय, म्हातारीवर लक्ष ठेव म्हणून? मग एक वेगळाच विचार आला आणि तो काही केल्या जाईना. दुकान मोक्याच्या जागी आहे. परवाना ज्याच्या नावावर, दुकान त्याच्या नावावर. तसं काही मनात असेल का याच्या? लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. चार वर्षांत या माणसानं तिच्या दुकानातला एक स्क्रूसुद्धा न विचारता उचलला नव्हता.

लेकीला विचारावं म्हणून संध्याकाळी फोन हातात घेतला आणि "पोचले गं नीट" एवढंच बोलून ठेवून दिला.

असे चार-पाच शनिवार गेले. मग प्रयोग सुरू झाले. त्यातला दुसरा प्रयोग होता तारेचा रोध काढायचा.

प्रयोगशाळेत लांब टेबलं होती आणि एका टेबलाला दोघं. हजेरीपटावर नंबर पुढेमागे, म्हणून मावशी आणि जावई एकाच टेबलावर आले. लाकडी पट्टीवर दोन पितळी खुंट्या आणि त्यांच्यामध्ये ताणलेली मीटरभर बारीक तार. बाजूला वीज पुरवणारा एलिमिनेटर, एक चावी, वीज कमी-जास्त करायचा रिओस्टॅट, वीज किती वाहते ते सांगणारा अ‍ॅमीटर आणि तारेच्या दोन टोकांमधला दाब सांगणारा व्होल्टमीटर. शून्यसरांनी फळ्यावर खडूनं लिहिलं: दाब भागिले वाहती वीज म्हणजे रोध. "प्रत्येकानं स्वतःची जोडणी स्वतः करायची. एकाचं झालं की सोडवायचं, मग दुसऱ्यानं जोडायचं. आकृती पुस्तिकेत आहे. आधी शून्य बघा."

पुस्तिका म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. आकृतीत व्होल्टमीटरपासून निघालेल्या दोन रेघांपैकी एक तारेच्या टोकाला नीट टेकलेली होती. दुसरी एका काळ्या डागात शिरली होती आणि त्या डागातून बाहेर आलीच नव्हती.

मावशीनं आकृतीकडे फार बघितलंच नाही. तारेचं माप घ्यायचं ना, मग तारेच्याच दोन खुंट्यांना व्होल्टमीटर लावायचा, एवढं तिच्या हातांना कळत होतं. चावी लावली, रिओस्टॅट सरकवून अ‍ॅमीटरचा काटा अर्ध्या अँपिअरवर आणला. व्होल्टमीटरनं दोन पॉइंट एक दाखवलं. भागाकार तिनं दोनदा केला, मग बोटांवर पडताळला. चार पॉइंट दोन ओहम.

तिनं जोडणी सोडवली आणि टेबल जावयाच्या स्वाधीन केलं. तो जोडत असताना ती खिडकीबाहेर बघत उभी राहिली. जावयाच्या हातांकडे टक लावून बघायचं कसं? त्यानंही मघाशी पाठ वळवून फळ्याचा अभ्यास केलाच होता. त्याचं झालं तेव्हा वहीत डोकावण्याचा तिचा इरादा नव्हता, पण वही उघडीच होती. अर्धा अँपिअर. दोन पॉइंट पस्तीस व्होल्ट. चार पॉइंट सात ओहम.

तार तीच. पट्टी तीच. मीटर तेच.

मावशीनं आपला भागाकार पुन्हा केला. चार पॉइंट दोनच. मग तिनं विचार केला: हा शिकलेला माणूस. खालची परीक्षा झालेला. आपण सातवी. काट्याकडे तिरकं बघितलं असेल, चष्म्याचा नंबरही वाढलाय. शिवाय आपलं बरोबर आणि जावयाचं चूक असं सरांसमोर निघालं तर त्याला कसं वाटेल? तिनं खोडरबर घेतलं, चार पॉइंट दोन पुसलं, चार पॉइंट सात लिहिलं आणि त्याला साजेसे व्होल्टही लिहून टाकले. वही नेऊन सरांच्या टेबलावर ठेवली.

शून्यसरांनी वह्या तपासायला घेतल्या. सहावी-सातवी वही झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तिसरं टेबल. दोघं इकडे या."

दोघं जाऊन उभे राहिले.

"मावशी, तुमचं चार पॉइंट सात. खोडलेलं आहे, खाली चार पॉइंट दोन दिसतंय." त्यांनी दुसरी वही उघडली. "आणि तुमचं चार पॉइंट दोन. खोडलेलं आहे, खाली चार पॉइंट सात दिसतंय. मी अठ्ठावीस वर्षं शिकवतोय. एकमेकांचं बघून लिहिणारे पुष्कळ पाहिले, पण एकाच वेळी दोघांनी एकमेकांचं बघून लिहिलं, हे पहिल्यांदाच बघतोय. आता मी बरोबर कुणाला म्हणू?"

वर्गात खसखस पिकली. मावशीनं जावयाकडे बघितलं. जावयानं मावशीकडे बघितलं. चार वर्षांत दोघांची नजर एवढा वेळ कधी भिडली नव्हती.

"मला वाटलं, आईंचा हात अनुभवी आहे," जावई सरांना म्हणाला.

"मला वाटलं, हे शिकलेले आहेत," मावशीही सरांनाच म्हणाली.

"एकमेकांना सांगा ते. मला काय सांगताय?" सर म्हणाले. "पुढच्या शनिवारी पुन्हा करा. ज्याचं त्यानं लिहा."

मावशी जाता जाता थांबली. "सर, एका तारेचा रोध एकच असतो ना?"

"एकच असतो."

"मग दोन का येतात?"

"म्हणून तर प्रयोग करायचा," सर म्हणाले आणि पुढची वही उघडली.

तो आठवडा मावशीचा फार विचित्र गेला. पंपाची मोटार भरताना वेढे मोजायची आणि मध्येच विसरायची. एकोणीस वर्षं ती तारेवर विश्वास ठेवून जगली होती. तार खोटं बोलत नाही असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. जळालेली जळालेली असते, तुटलेली तुटलेली. आता ती एवढीशी तार तिला एक सांगत होती आणि जावयाला दुसरंच. रात्रीच्या जेवणाला बसली तरी डोक्यात तेच. कधी वाटायचं मीटर बिघडलंय. कधी वाटायचं तार मधल्या वेळात गरम झाली असेल. कधी वाटायचं आपलंच डोकं चालेनासं झालंय, वयच झालं.

शनिवारी तिनं पिशवीत आपलं दुकानातलं मल्टिमीटर टाकलं, पिना टेकवल्या की रोध थेट आकड्यात दाखवणारं. जुनंच, पिनांच्या वायरींना जागोजागी काळी पट्टी गुंडाळलेली, पण रोज हातातलं.

"हे परीक्षेत चालणार नाही हं," शून्यसर पिशवीकडे बघून म्हणाले.

"परीक्षेसाठी नाही सर. माझ्या समाधानासाठी."

जावई आधीच टेबलापाशी उभा होता. मावशीनं एलिमिनेटर न लावता, तारेच्या एका खुंटीला लाल पीन टेकवली, दुसरीला काळी, आणि आकडा बघितला. चार पॉइंट पाच.

जावई वाकून पुढे आला.

"हे तर दोन्हीही नाही," जावई म्हणाला. मावशीला उशिरा लक्षात आलं की हे तो तिलाच म्हणाला होता.

"मधलं आहे," ती म्हणाली. "आता तिसरा जन्माला आला. काय समजायचं माणसानं?"

"पुन्हा बघा ना, आई."

पुन्हा बघितलं. चार पॉइंट पाच. पिना अदलाबदल करून बघितलं. चार पॉइंट पाच. मावशीला रडावं की हसावं कळेना. तिनं मीटर आवरायला घेतलं. बंद करण्याआधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघायच्या, ही तिची जुनी सवय. वायर कुठे तुटलेली नाही ना ते कळतं. तिनं टेकवल्या. मीटरवर आकडा आला, शून्य पॉइंट तीन.

हा आकडा ती रोज बघायची. रोज बघून सोडून द्यायची, कारण तिच्या कामात तार तुटलीय की जोडलेली आहे एवढंच बघायचं असायचं, तिथे पॉइंट तीनला कोण विचारतो? आज मात्र तिचा हात थांबला.

"जावईबापू," ती म्हणाली. "आता मध्ये तार नाहीये ना?"

"नाही. नुसत्या पिना टेकल्यात."

"मग हे पॉइंट तीन कुणाचं?"

त्यानं वाकून वायरी बघितल्या. "वायरींचं असेल. या पट्ट्या मारलेल्या वायरींचं."

"मग चार पॉइंट पाचमधून यांचं पॉइंट तीन काढा."

"चार पॉइंट दोन," तो म्हणाला. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणजे तुमचं बरोबर."

पण मावशीचं समाधान झालं नव्हतं. आपलं बरोबर आलं हे कळलं, त्याचं चुकलं का हे कुठे कळलं? चुकीचं म्हणजे काहीतरी भलतंच यायला हवं होतं. त्यानं वहीत तीन रीडिंग लिहिली होती आणि तिन्ही वेळा चार पॉइंट सातच आलं होतं. चूक अशी नेमानं येत नाही. तिनं पदर खोचला.

"तुम्ही तुमची जोडणी करा," ती म्हणाली. "आणि या वेळी मी बघणार आहे. राग मानू नका."

त्यानं जोडणी केली. चावी, मग अ‍ॅमीटर, मग तार. शेवटी व्होल्टमीटर: एक वायर तारेच्या लांबच्या खुंटीला आणि दुसरी, पुस्तिकेतल्या त्या काळ्या डागाकडे बघत, थेट चावीच्या पलीकडे. मावशी बोटानं वाट काढत गेली, जशी ती मोटारीतला वेढा शोधत जायची. व्होल्टमीटरच्या या वायरीपासून निघाली. चावी लागली. मग जोडवायर. मग अ‍ॅमीटर. मग आणखी एक जोडवायर. आणि त्यानंतर कुठे तारेची पहिली खुंटी.

"तुम्ही एकटी तार मोजलीच नाही," ती म्हणाली. "चावी मोजली, अ‍ॅमीटर मोजला, या दोन वायरी मोजल्या आणि तार मोजली. सगळ्यांचं बिल तारेच्या नावावर फाडलं."

जावयानं व्होल्टमीटरच्या दोन्ही वायरी काढल्या आणि एक चावीच्या पलीकडे, दुसरी तारेच्या अलीकडच्या खुंटीला लावली, म्हणजे तार सोडून फक्त बाकीचं मधे येईल अशी. काटा अर्ध्या अँपिअरवर आणला. व्होल्टमीटरचा काटा जेमतेम हलला. पॉइंट पंचवीस.

"पॉइंट पंचवीस भागिले पॉइंट पाच," तो म्हणाला आणि कागदावर न करताच म्हणाला, "पॉइंट पाच. चार पॉइंट दोन आणि पॉइंट पाच. चार पॉइंट सात."

मावशीला एवढा आनंद झाला की ती मोठ्यानं हसली. मागच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. पण जावई हसला नाही. तो स्टुलावर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्या पट्टीकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"दोन वर्षांपूर्वीही एवढाच फरक होता," तो म्हणाला.

"काय?"

"परीक्षेत. हाच प्रयोग आला होता मला. उत्तर अर्ध्या ओहमनं जास्त आलं. परीक्षकांनी लाल फुली मारली आणि पुढे गेले. मी घरी जाऊन शंभर वेळा भागाकार केला, आई. भागाकार बरोबर होता. मला वाटलं, आपले हातच या कामाचे नाहीत. शीतगृहात कंप्रेसर खोलताना अजून भीती वाटते, की आपल्या हाताला काहीतरी दोष आहे."

मावशी गोंधळली. "पण तुमची खालची परीक्षा तर..."

"नाही झालेली."

"लेक तर म्हणाली..."

"मी घरी गेलो तेव्हा तिनं दारातच विचारलं, झाली का परीक्षा? मी म्हणालो, झाली. ती परीक्षा झालीच होती ना. तिनं ते पास झालो असं घेतलं आणि शेजारी सांगायला धावली. परत आली तेव्हा एवढी खुश होती की... मग राहूनच गेलं सांगायचं. आज सांगू, उद्या सांगू. मग उशीर एवढा झाला की उशीर झाला हेच सांगायचं अवघड होऊन बसलं."

चार वर्षांत तो जेवढं बोलला नव्हता तेवढं एका दमात बोलला. मावशीनं रागवावं, तर हा तिच्या लेकीशी खोटं बोलला होता, एक-दोन दिवस नाही, दोन वर्षं. पाठीवर हात ठेवावा, तर तो जावई. आणि आपण याच्यावर दुकान बळकावण्याचा संशय घेतला होता, तो तरी आता कुठे नेऊन टाकायचा?

"तिला नका सांगू," तो म्हणाला. "मी सांगेन. पास झालो की सांगेन."

"आणि नाही झालात तर?"

त्यानं व्होल्टमीटरच्या वायरी सोडवायला घेतल्या. "बघू," मावशी म्हणाली. सांगणार की नाही, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

पुढचे चार शनिवार ती लेकीसमोर चोरासारखी वावरली. लेक विचारायची, "कसं चाललंय? शिकवतो ना तो?" मावशी म्हणायची, "शिकवतात की." ते खोटंही नव्हतं; भागाकाराचे दशांश, लेखी परीक्षेच्या व्याख्या, सगळं तो टेबलाशी उभं राहून तिला सांगायचा, आणि ती त्याला बोटानं वाट काढत जायचं कसं ते दाखवायची. पण लेकीनं समोर बसून प्रेमानं विचारलं की मावशी उठून चहा टाकायला जायची. एकदा सांगायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात लेक म्हणाली, "तो हल्ली फार बोलतो गं, तुझ्या वर्गामुळे," आणि मावशीनं तोंड मिटलं.

परीक्षेला बाहेरच्या परीक्षक बाई आल्या होत्या. टेबलं वेगवेगळी, चिठ्ठ्या काढायच्या. मावशीला बल्ब एकापाठी एक आणि शेजारी-शेजारी जोडून दाखवायचा प्रयोग आला, जो तिनं झोपेतही केला असता. जावयाला तारेचा रोध.

मावशीचं अर्धं लक्ष स्वतःच्या बल्बांकडे आणि अर्धं त्याच्या पाठीकडे. त्या नादात तिनं अ‍ॅमीटर उलटा जोडला आणि काटा शून्याच्या मागे जाऊन आपटला. तिनं घाईघाईनं वायरी बदलल्या. परीक्षक बाईंनी ते बघितलं, टिपून घेतलं. मग त्या जावयाच्या टेबलाशी गेल्या.

"व्होल्टमीटर इथेच का लावलात?" त्यांनी विचारलं. "चावीपाशी लावला असता तर?"

मावशीचे हात थांबले. हा माणूस आता "हो" म्हणेल किंवा "नाही" म्हणेल, आणि गप्प बसेल. पण जावई बोलायला लागला. चावीचं सांगितलं, अ‍ॅमीटरचं सांगितलं, जोडवायरींचं सांगितलं, प्रत्येकाचा थोडा थोडा रोध कसा तारेच्या नावावर जमा होतो ते सांगितलं, आणि तो वेगळा मोजून दाखवू का म्हणून विचारलंसुद्धा. "पुरे, पुरे," बाई म्हणाल्या, "मला अजून अकरा टेबलं बघायचीत."

निकाल तीन आठवड्यांनी केंद्राच्या फळ्यावर लागला. लेक म्हणाली, मीही येणार बघायला, आईचा निकाल आहे. नको म्हणायला कारण सुचेना. तिघं जण फळ्यापाशी गेले. मावशी पास झाली होती, पण काठावर. तिच्या वरच्याच ओळीत जावयाचा नंबर होता, गुण वर्गात दुसरे, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: दुसरा प्रयत्न.

लेकीनं बोट ठेवून ओळ वाचली. पुन्हा वाचली. "हे काय आहे?" तिनं विचारलं. "ही तर खालची यादी आहे. दुसरा प्रयत्न कसला?"

जावयानं तिथेच, फळ्यासमोर, मागे गर्दी ढकलत असताना सगळं सांगितलं. लेकीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मावशीला वाटलं, आता ही नवऱ्यावर भडकणार. पण लेक आईकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

"अगं, ते म्हणाले होते, मी सांगेन..."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले असतील."

"बरं," लेक म्हणाली आणि एकटीच चालू पडली.

मग आठ दिवस तिनं आईचा फोन घेतला नाही. नवऱ्याशी बोलत होती, हे मावशीला त्याच्याकडूनच कळलं. तो शीतगृहातून घरी जाताना दुकानात डोकावला आणि अपराध्यासारखा म्हणाला, "मला दोन दिवसांत माफ केलं. तुमच्यावर अजून राग आहे. मला काही समजत नाही, आई." मावशीलाही समजत नव्हतं. खोटं बोलला तो, गप्प बसले मी, आणि शिक्षा मला?

नवव्या दिवशी तिनं दुकान दुपारीच बंद केलं आणि लेकीच्या घरी गेली. लेकीनं दार उघडलं, आत ये म्हणाली नाही, पण दारही लावलं नाही. पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. मावशी ढिगाच्या एका बाजूला बसली आणि घड्या घालायला लागली. पाचेक घड्या झाल्यावर लेक दुसऱ्या बाजूला बसली.

"मला वाटलंच होतं," लेक म्हणाली.

"काय?"

"की तो पास झाला नसेल. कागद कधी दाखवला नाही. मी विचारलं नाही. विचारलं तर तो खरं सांगेल, याची भीती वाटली."

मावशीच्या हातातला शर्ट तसाच राहिला. "तुला माहीत होतं? मग माझ्यावर एवढी का चिडलीस?"

"कारण तो तुला बोलला. दोन वर्षं माझ्या शेजारी झोपून मला बोलला नाही आणि तुला एका शनिवारी बोलला." लेकीनं ढिगातला एक कपडा ओढून घेतला. "ज्या दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही म्हणून मी चार वर्षं मधे मरमर मरतेय, त्या दोघांनी मलाच बाहेर ठेवलं."

मावशीनं शर्टाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "खरं सांगू? ते मला बोलले, कारण तेव्हा तिथे मी होते. तू असतीस तर तुला बोलले असते."

"तसं असतं का?"

"मला माहीत नाही," मावशी म्हणाली. आणि ते अगदी खरं होतं.

लेकीनं नाक पुसलं आणि एक टॉवेल आईकडे टाकला. दोघींनी त्याची दोन-दोन टोकं धरली आणि घडी घातली. मग चादर. ढीग निम्म्यावर आला तेव्हा जावई कामावरून आला. त्याच्या हातात एक मोठं पाकीट होतं, सासू-जावयाचे परवाने की आणखी काही, ते दिसत नव्हतं. दारात त्याला आधी सासू दिसली, मग बायकोचे लाल डोळे दिसले, मग कपडे. आत यावं, की जिना उतरून परत जावं, हे त्याला ठरवता येईना. तो उंबऱ्यावर एक पाय आत आणि एक बाहेर असा उभा राहिला.

"या ना," मावशी त्याला त्याच्याच घरात म्हणाली. "बाहेर का उभे?"